अंगातली वीज

आमच्या घराण्यात अंगात येणारी एक आत्या होती. पण कुणाच्या अंगात वीज आल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणून परवा पुतण्याने "काका, आता कपड्यांतूनच वीज निघणार!" असं जाहीर केलं, तेव्हा मी दचकून शर्टाची बटणं लावली.

पुतण्या इंजिनिअरिंगला, मी बी.कॉम. त्यामुळे समजावणं त्याच्याकडे आणि मान डोलावणं माझ्याकडे. प्रकरण जुनंच आहे म्हणे. १८२१ साली झेबेक नावाच्या जर्मन गृहस्थाने दोन निराळ्या धातूंची टोकं जोडली, एक सांधा तापवला, दुसरा थंड ठेवला, आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. त्याला वाटलं, ही चुंबकाची करणी. होती विजेची. आता बिस्मथ टेल्युराइडसारख्या ठिसूळ पदार्थाचे लवचिक धागे करून ते कापडात विणायची खटपट चालू आहे. आतून अंगाची ऊब, बाहेरून गार हवा. मधल्या फरकावर वीज.

मी लगेच हिशेब मांडला. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता टाकतो. म्हणजे मी खुर्चीत नुसता बसलो तरी एका बल्बाइतका कामाचा! (हे साहेबांना कळवायला हवं.) पण हातात पडणार जेमतेम काही मिलीवॅट. ठेव शंभराची, व्याज पैशाचं. १९९८ साली सिको कंपनीने अंगाच्या उबेवर चालणारं मनगटी घड्याळ काढलं होतं. झेप साधारण तेवढीच.

दुसऱ्या दिवशी पौडच्या शाखेत दिवे गेलेले. मी ओल्या शर्टात कुडकुडत काउंटरवर होतो. समोर घोंगडी पांघरलेले आबा, पेन्शनसाठी आलेले. वेळ जावा म्हणून त्यांना सगळं सांगितलं.

आबांच्या आज्याची जमीन मुळशी धरणात गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहात आजा होता. धरण झालंच. १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि वीज मुंबईला जाते.

आबा म्हणाले, "म्हंजी पान्याला उंचीतला फरक लागतो, आन् ह्याला उबंतला?"

पुतण्याला चार वर्षं लागली ते आबांना चार मिनिटांत कळलं.

"मंग साहेब, पानी आमचं होतं. आता ऊबबी आमचीच. दिवा कुनाच्या घरी लागनार?"

पासबुकाच्या कुठल्याच रकान्यात या प्रश्नाचं उत्तर बसेना. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

आबांनी घोंगडी उतरवून काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. "घ्या, आधी ऊब घ्या. इजंचं मागनं बघू."

दिवे येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर होती. वीज म्हणाल तर एक थेंबही निघाली नाही. पण कुडकुडणं मात्र थांबलं.