चालतंय ना!

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ८.२ आवृत्तीने डिसेंबर २०२२मध्ये ‘यूटीएफ८_एनकोड’ आणि ‘यूटीएफ८_डीकोड’ ही दोन फंक्शनं कालबाह्य ठरवली, तेव्हा मी चारचौघांत तणतणलो होतो. वर्षानुवर्षं चाललेला कोड लोकांनी का म्हणून बदलायचा? जुन्याला धक्का लावणारी भाषा विश्वासाची नाही, असंही म्हणालो. ते शब्द आज मागे घेतो.

एका वाचनालयाची सभासद-यादी मी फार पूर्वी करून दिली होती. मराठी ‘नीट’ दिसावं म्हणून नाव साठवताना एनकोड, वाचताना डीकोड. पडद्यावर सगळं झकास. सर्व्हर ८.२वर गेला आणि लॉग इशाऱ्यांनी भरून गेला. चिडून थेट डेटाबेस उघडला. ‘म’च्या जागी तीन भुतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं चिन्ह आणि वर्तुळातला आर. दीर्घ वेलांटीपाशी तर चक्क जपानी येन!

फंक्शनच्या नावावर जाऊन मी फसलो होतो. एनकोड हे फंक्शन मजकूर लॅटिन-१ या अक्षरसंचातलाच आहे असं धरून चालतं, आणि लॅटिन-१मध्ये देवनागरी नाहीच. म्हणजे मराठीला त्याचा उपयोग शून्य. माझा मजकूर आधीच यूटीएफ-८मध्ये होता. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट त्याने तीन वेगळी अक्षरं समजून पुन्हा गुंडाळले. डीकोड ते सोडवत होतं. एक चूक दुसरीवर पांघरूण घालत होती, आणि मी त्याला ‘चालतंय’ म्हणत होतो.

साठ अक्षरांच्या रकान्यात त्यामुळे जेमतेम वीस चिन्हं मावत. काना-मात्रा, वेलांट्या त्यातच; एकट्या ‘ज्ञानेश्वर’ला दहा लागतात. लांब नावं आडनावापाशी तुटायची. वाचनालयातल्या बाईंनी दोनदा फोन केला होता. “नाव जरा आखूड टाका,” असं मी त्यांना सांगितलं होतं. हे लिहिताना अजून लाज वाटते.

एक मात्र खरं: फंक्शनं एका रात्रीत काढली असती, तर सगळी यादी बंद पडली असती. आधी इशारा, काढायचं ते ९.०मध्ये, ही मुदत मला हवीच होती. तेवढ्या मुदतीत डेटा एकदाच उलटा फिरवून दोन्ही फंक्शनं कोडमधून काढली. तुटलेली नावं मात्र त्याने जुळली नाहीत. ती बाईंनी कागदी अर्जांवरून पुन्हा टाइप केली.