उंचावरचं पाणी

पुण्याहून ताम्हिणीकडे जाताना प्लॉटच्या जाहिरातीचा एक फलक दिसला: ‘प्रचंड पोटेन्शियल असलेली जमीन’. चित्रात डोंगर, तळं आणि हिरवळ. माणूस एकही नाही. हा शब्द पालकसभेतही हमखास भेटतो. ‘मुलात पोटेन्शियल आहे, पण...’ त्या ‘पण’पायी पोराची संध्याकाळ क्लासात जाते. तेच पोर गरगरता भोवरा जाळीने उचलून अलगद तळहातावर घेतं, ते कुणाच्या हिशेबात नसतं.

भौतिकशास्त्रात मात्र मला हा शब्द सुंदर वाटतो. ‘पोटेन्शियल एनर्जी’ हे नाव रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने १८५३ साली दिलं. उंचावर अडवलेलं पाणी नुसतं थांबलेलं दिसतं, पण खाली झेपावण्याची ताकद त्याच्यात साठलेली असते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस, पायथ्याला कोकण आणि पलीकडे विजेसाठी आसुसलेली मुंबई. टाटांच्या अभियंत्यांना ही ताकद दिसली नसती तरच नवल. मुळा पूर्वेला पुण्याकडे वाहणारी नदी. मुळशीला तिला बांध घालून पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि घाटाखाली भिऱ्याला सोडलं. १९२७ साली तिथलं वीजघर सुरू झालं.

पण ते खोरं काही रिकामं नव्हतं. तिथे भाताची खाचरं होती. चिखलणी करून, गुडघाभर पाण्यात वाकून बायका आवण लावत होत्या. बांधावर उभं राहावं आणि वाऱ्याबरोबर आंबेमोहोराचा वास यावा, अशी ती जमीन. तिच्यातलं जे फळाला यायचं ते दरसाल येत होतं. सरकारने ती कंपनीसाठी सक्तीने घेतली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला खोऱ्यातले मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांचं नेतृत्व करणारे बापट तुरुंगात गेले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केलं. विनायकराव भुस्कुटे सोबत होते, बायाबापड्याही होत्या. तीनेक वर्षं झुंज चालली. खोरं बुडालंच.

त्या अभियंत्यांची हुशारी मी नाकारत नाही. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. पण खोऱ्यात काय दडलंय ते बाहेरच्यांनी ठरवलं, आणि काय नांदतंय ते कुणी विचारलं नाही. हा अन्यायच होता.

ती जमीन ज्या १८९४ च्या कायद्याखाली गेली, तो एकूण शंभरावर वर्षं टिकला. खासगी कंपनीसाठी भूसंपादन करताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती घ्यावी, ही अट कायद्यात आली ती २०१३ साली.