सीना पेसा

‘पैसे नाहीत’ हे दोन शब्द मराठी मध्यमवर्गीयाच्या तोंडून बाहेर पडत नाहीत, हे बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी पुरतं ओळखलं आहे. काउंटरवर आलेला माणूस “जरा इकडचं तिकडं झालंय” म्हणतो, “एक येणं अडकलंय” म्हणतो. पण खातं रिकामं आहे असं म्हणणार नाही. मीही त्यातलाच. नैरोबीला ताईकडे जायला पतपेढीचं कर्ज काढलं आणि शेजारी सांगितलं, “सहज, हवापालट!”

तिथं दहा वर्षांच्या भाच्यानं माझी स्वाहिलीची शिकवणी सुरू केली. आणि काय सांगू, निम्मी भाषा आमच्या बँकेतलीच निघाली! पेसा म्हणजे पैसा, हेसाबु म्हणजे हिशेब, बिमा म्हणजे विमा, लाकी म्हणजे लाख, हुंडी म्हणजे चेक. मशाहारा म्हणजे पगार. आपला जुना मुशाहिराच तो. कारकुनाला कारानी म्हणतात. यात नवल नाही. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत व्यवहार रुपयातच चालत. शिलिंग आला तो १९२१ साली. शेजारच्या टांझानियात जर्मनांनी १९०४ साली रुपयाचे शंभर हेलर केले, म्हणून तिकडे आजही पैशाला हेला म्हणतात. जर्मन गेले, हेलर गेला, पण हेला नसलेले लोक मात्र टिकून राहिले.

“मामा, तू दोनच शब्द पाठ कर,” भाचा म्हणाला. “नीना म्हणजे आहे, सीना म्हणजे नाही. नीना पेसा, माझ्याकडे पैसे आहेत. सीना पेसा, नाहीत.”

मी खूण बांधली. सीना ही आमच्या सोलापूरकडची नदी, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. सीना म्हणजे खडखडाट. विसरायचं कामच नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींबरोबर पार्कलँड्समधल्या सिटी पार्कच्या मंडईत गेलो. आंबेवालीनं भाव सांगितला तो ऐकून मला घाम फुटला. “घाली साना!” म्हणजे फार महाग, हे आठवलं. खिसा उलटा करून दाखवावा, तर २००७ साली एम-पेसा निघाल्यापासून तिथला पैसा मोबाइलमध्ये असतो. रिकाम्या खिशाला काही पत राहिलेली नाही. मग मी दोन्ही हात जोडले आणि अत्यंत करुण चेहऱ्यानं म्हणालो, “मामा, नीना पेसा! नीना पेसा!” (तिकडे बाईलाच मामा म्हणतात.)

माझी नदी ऐन वेळी आटली होती. हात जोडून, रडवेल्या आवाजात ‘माझ्याकडे पैसे आहेत हो’ असं सांगणारा माणूस त्या मंडईनं पहिल्यांदाच पाहिला असावा. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग “पोले, पोले” म्हणत तिनं चार आंबे पिशवीत टाकले आणि म्हणाली, “उतालिपा केशो.” उद्या दे! ना जामीन, ना तारण, ना फोटो. एवढं सुलभ कर्ज मी बावीस वर्षांत कुणाला दिलेलं नाही.

सगळे हसले, दाजी सोडून. ते खाली बघत पिशवीची गाठ मारत होते.

संध्याकाळी पुढचा धडा. खिशात दमडी नसली की नैरोबीची पोरं ‘निमेसोता’ म्हणतात. डिसेंबरात उधळपट्टी झाल्यावर येतो तो जानेवारी नव्हे, ‘न्जानुअरी’. कारण न्जा म्हणजे भूक. आणि मला सगळ्यांत आवडलेला शब्द, बाडो. बाडो म्हणजे अजून नाही. नकार तर आहे, पण दार किलकिलं ठेवून.

जेवताना भाच्यानं सगळ्यांची तोंडी परीक्षा घेतली. “उमेपाता मशाहारा?” पगार मिळाला का? मी “न्दियो”, म्हणजे हो, म्हणून पास झालो. दाजी म्हणाले, “बाडो.”

“शाब्बास बाबा!” भाचा ओरडला. मीही हसत भात कालवला. चार दिवस भातावर तूप नव्हतं. ताईला माझ्या कोलेस्टेरॉलची काळजी, असं मी समजत होतो.

जेवणं झाल्यावर दाजी आणि मी गॅलरीत बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग रस्त्याकडे बघत दाजी म्हणाले, “ते खरंच बाडो आहे. तीन महिने झाले.” आणि थोड्या वेळानं, “सीना पेसा.”

उच्चार अगदी स्वच्छ होता. अठरा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणाऱ्या या माणसाला हे वाक्य मराठीत जुळवता आलं नसतं. मलाही कुठं आलं असतं? मी म्हणालो, “दाजी, सीना पेसा. माझं तिकीट पतपेढीचं आहे. चोवीस हप्ते.”

दाजींनी चमकून पाहिलं. “कुकोपा हारुसी, कुलिपा मातांगा,” ते म्हणाले. “इथली म्हण आहे. कर्ज घेताना लग्न, फेडताना सुतक.” मग आम्ही दोघंही हसलो. चार दिवसांत दाजी पहिल्यांदाच हसले.

“मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे,” आतून ताईचा आवाज आला. “तूप उगाच बंद झालं होय? आणि स्वाहिलीत कुजबुजू नका, तेवढी मलाही येते. आंबे चिरलेत, या आत. आणि तू रे, उद्या उठल्याबरोबर आधी त्या बाईचे पैसे देऊन ये.”

सकाळी मंडई उघडताच गेलो. मला पाहून बाई पुन्हा हसायला लागली. मी या खेपेला हात जोडले नाहीत. नोटा पुढे केल्या आणि म्हणालो, “मामा, नीना पेसा.”

निदान चार आंब्यांपुरतं तरी ते खरं होतं.