वाढते ती ठेवावी का?

दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ओमानच्या समुद्रात सुरमई पकडायला बंदी असते. मुतरहच्या बाजारात ताजी सुरमई नाही म्हणजे पेशींपासून माशाचं मांस वाढवायला आम्हाला ताजा स्नायूही नाही. एकदा लाइन, म्हणजे फ्लास्कमध्ये सतत वाढत राहणारी पेशींची मालिका, नीट बसली की ही अडचण उरत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

सुरुवात साधी. स्नायूचे मिलिमीटरभर तुकडे प्रतिजैविकाच्या द्रावणात धुऊन फ्लास्कच्या तळाला चिकटवायचे. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बेताचंच घालायचं, नाहीतर तुकडे तरंगतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींना ३७ अंश लागतात. या गरम समुद्रातल्या माशाच्या पेशी २८च्या आसपास खूश असतात. काही दिवसांत तुकड्यांच्या कडांनी पेशी बाहेर पडू लागतात.

आधी हातपाय पसरतात त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोड-ऊतीच्या पेशी. तणासारख्या माजतात आणि स्नायुपेशींना जागाच ठेवत नाहीत. मग ट्रिप्सिन या विकराने सगळ्या सोडवायच्या, नव्या फ्लास्कमध्ये टाकायच्या आणि तास-दोन तासांनी वरचं मीडियम अलगद दुसरीकडे न्यायचं. चिकटायची घाई असलेल्या फायब्रोब्लास्ट मागे राहतात. रेंगाळणाऱ्या स्नायुपेशी पुढे जातात.

माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुभंगून थांबतात, हे शास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. माशांच्या पेशी पुष्कळदा ही मर्यादा आपणहून ओलांडतात. ट्राउट माशाची आरटीजी-२ ही १९६२ मधली लाइन अजून वाढते आहे. पण मांसासाठी पेशींनी वेळेवर वाढ थांबवून एकमेकींत मिसळून तंतू करायला हवेत. सतत वाढणाऱ्या पेशी बऱ्याचदा नेमकं हेच विसरतात. म्हणून अधूनमधून थोड्या पेशी बाजूला काढून मीडियममधलं सिरम कमी करते आणि तंतू जुळतात का ते बघते. तंतू जुळले नाहीत, तर फ्लास्क कितीही गच्च भरलेला असो, मांसासाठी तो बाद.

सिरम म्हणजे गाईच्या गर्भाच्या रक्तातून काढलेला द्रव. महाग तर आहेच, शिवाय इस्लाममध्ये रक्त निषिद्ध. सिंगापूरच्या फतवा समितीने २०२४ मध्ये संवर्धित मांस अटींसह हलाल ठरवलं. माशाला तर जिबह, म्हणजे धार्मिक रीतीने कत्तल, करण्याचीही अट नाही. इथे अडतं ते सिरमवर. ते टप्प्याटप्प्याने तोडावं लागतं, आणि दर टप्प्यावर काही पेशी मरतात. उरलेल्या तगल्या म्हणून लगेच हुरळून जायचं नसतं. तगणाऱ्या पेशी तंतू जुळवतीलच असं नाही. त्यांची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून, आणि नापास झाल्या तर सुरुवातीच्या पिढीची गोठवलेली कुपी बाहेर काढायची.