साठ ताटे

आमची मावशी खानावळ चालवते. धंदा कसा चाललाय असे कुणी विचारले, की तिचे उत्तर ठरलेले: "साठ ताटे होतात रोज." तीन वर्षे हेच उत्तर. मग अनामत परत करताना दर महिन्याला ओढाताण का होते, हे मात्र तिला उमगेना. 2024च्या डिसेंबरात तिने वह्या माझ्यापुढे टाकल्या. अर्थशास्त्र घेतलेल्या भाचीचा तेवढाच उपयोग!

वही महिन्यावार होती. मी वेगळी मांडणी केली. एका वर्षीच्या जूनमध्ये आलेले सगळे एका ओळीत. पुढच्या रकान्यांत त्यांतले महिन्यागणिक किती उरले ते. अशा गटाला 'कोहॉर्ट' म्हणतात. शब्द मूळचा रोमन फौजेतला, लिजनच्या दहा तुकड्यांपैकी एक. मला आपली 'पंगत' बरी वाटते. एकदम बसलेली माणसे. कोण कधी उठले ते लगेच दिसते.

या मांडणीचे बळ मला वेड फ्रॉस्ट या अमेरिकन साथरोगतज्ज्ञांच्या लेखामुळे कळले होते. तो 1939 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. मॅसॅच्युसेट्समधील 1930च्या आकड्यांत क्षयाने मरणाऱ्यांचे प्रमाण उतारवयात जास्त दिसे. क्षय म्हातारपणी बळावतो, असे कुणीही म्हटले असते. फ्रॉस्टनी 1880मध्ये जी मुले होती, त्यांचाच पुढे माग काढला. त्यांच्यातले सर्वाधिक प्रमाण विशीतच येऊन गेले होते! प्रश्न वयाचा नव्हता. ती माणसे कोणत्या काळात वाढली, याचा होता.

मावशीच्या वहीतही तसेच निघाले. 2022ची पंगत जवळजवळ तशीच बसलेली. 2023ची दिवाळीपर्यंत निम्मी उठली, 2024ची त्याहूनही आधी. रिकामी पाटे नवे लोक भरत होते, म्हणून साठ. आणि 2022ची मुले तर 2025च्या उन्हाळ्यात शिक्षण संपवून जाणार होती!

"हल्लीची पोरंच चंचल," मावशी म्हणाली. पण डाळ तीच, पोळ्या त्याच. फरक एकच होता. 2023च्या जूनपासून तिने नव्यांचे खाडे वजा करणे बंद केले होते. जुन्यांना भिडेखातर सवलत चालू. शनिवारी एसटीने गावी जाणारा नवा मुलगा न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरी. शेजारच्या ताटावरचा भरीत नसे. पोरे हे बोलत नाहीत, नुसती जातात.

"अगं, भाजी तर चिरलेली असते ना!" तिचे हेही खरे होते. शेवटी ठरले: शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगेल त्याचा खाडा धरायचा, मग तो जुना असो की नवा.

2025च्या जूनची ओळ मावशीने स्वतःच भरली. अठरा आले होते. दिवाळीनंतर पंधरा ताटे होती. सोळावा कावीळ होऊन गावी पडला होता. त्याने काही कळवले नव्हते, तरी त्याचे खाडे तिने लिहून ठेवले होते.