मोठे घड्याळ, लहान मनगट

हल्ली घड्याळ बशीएवढे झाले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. १९४० च्या सुमारास जर्मन वैमानिकांच्या घड्याळाचा व्यास ५५ मिलिमीटर असे. ते जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधीत. म्हणूनच सदऱ्याच्या बंद कफाशी या घराण्याचे पटत नाही. दुमडलेल्या बाहीशी, सैल कुडत्याशी मात्र छान जमते. आणि साडीशी? बायकांना आपण वर्षानुवर्षे चार आण्याएवढी घड्याळे दिली; वेळ पाहायला ती डोळ्यांशी न्यावी लागत. आमची कन्या सुती साडी नेसली, की आजोबांचे मोठे घड्याळ बांधते. त्या हातात बांगडी घालीत नाही. तिच्यासाठी पट्ट्याला दोन भोके जादा पाडून आणली, एवढेच. वेळ मात्र तिला लांबूनच दिसते.