पैसे मागू, नावं नको!

बॉसकडे इन्क्रिमेंट मागणं परवडलं, पण पालकांकडे पैसे मागणं नको! तिथे निदान समोर एकच चेहरा असतो. इथे अध्यक्षपदी मुख्याध्यापिका आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. महाराष्ट्राच्या 2011च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळेतल्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. त्यामुळे आयटीवाले, बँकवाले, दुकानवाले सगळे एका टेबलाशी. शाळेची फी याच समितीसमोर येते, म्हणून 'पैसे' म्हटलं की मंडळी लगेच सावध!

माझी मागणी तशी छोटी. दर शनिवारी मी आठवीच्या मुलांना बातमी लिहायला शिकवते, तेही फुकटात. (मास कॉमच्या डिग्रीचा एवढा उपयोग आता आईलाही मान्य आहे.) मुलांना स्वतःचा अंक छापून हवा होता. आठ पानं, 600 प्रती, प्रेसचं कोटेशन 18 हजार रुपये.

पॉवरपॉइंट वगैरे केलंच नाही. कोटेशनची झेरॉक्स आणि मुलांनी हाताने लिहिलेलं पहिलं पान, बस्स. त्यात शाळेची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, याची बातमी होती. शिपाईकाकांना गाठून, तारखेसकट! मुख्याध्यापिकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण बाकीचे चक्क वाचायला लागले.

"याने मार्क वाढणार का?" हे एका बाबांनी विचारलंच. दुसरे म्हणाले, "अहो, प्रत्येकी 500 काढू. देणाऱ्यांची नावं शेवटच्या पानावर छापा, बघा कसे पटापट जमतात."

जमले असते, खरंच. पण वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर आलेली मुलंही आहेत. टाकीच्या बातमीमागे धावणाऱ्यांतही आहेत. छापलेल्या यादीत मुलं आधी कुणाचं नाव नाही तेच शोधतात. मी म्हटलं, नावं नकोत. बंद डबा ठेवू, ज्याला जे जमेल ते.

"मग कमी पडतील हं!"

"पडू देत, पानं कमी करू."

तीन आठवड्यांनी डबा उघडला तर 11,340 रुपये. चार पानं, ब्लॅक अँड व्हाइट. आणि अंक प्रेसला जायच्या आदल्या दिवशी कुणीतरी टाकी धुऊन घेतली! आमच्या रिपोर्टरांनी चिडचिड करत हेडलाइन बदलली.